राझींची मूस

मराठीत 'किमया' म्हटले की डोळ्यांसमोर चमत्कार उभा राहतो. निसर्गाची किमया, शब्दांची किमया, एखाद्या गोलंदाजाने शेवटच्या षटकात केलेली किमया. उर्दू माध्यमाच्या शाळेत मात्र 'कीमिया' हा वेळापत्रकातला एक तास आहे. तिथे या शब्दाचा अर्थ सरळ रसायनशास्त्र असा होतो. शब्द एकच, अरबी 'अल्-कीमिया'. इंग्रजीतला 'केमिस्ट्री'ही त्याच घराण्यातला. एका भाषेत हा शब्द जादूच्या वाटेने गेला, दुसरीत प्रयोगशाळेच्या. या दोन वाटा फुटल्या त्या वळणावर उभ्या असलेल्या माणसांत एक नाव ठळकपणे दिसते, ते म्हणजे अबू बकर मुहम्मद इब्न झकरिया अर-राझी.

जगाला ते हकीम म्हणून ठाऊक आहेत. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत, यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक पुढे युरोपात शेकडो वर्षे वाचले गेले. युरोपने त्यांना 'राझेस' म्हटले. रमझानच्या या पानावर आज आपण त्यांना दवाखान्यातून जरा बाजूला, भट्टीपाशी नेऊन पाहू. कारण आपल्या मुलांच्या दहावीच्या पुस्तकातला 'धातुविज्ञान' हा धडा आणि आपल्या गल्लीतला भंगारवाला, या दोघांचेही त्यांच्याशी नाते आहे.

राझींचा जन्म सुमारे ८६५ सालचा, इराणातल्या रै या शहरातला. 'राझी' म्हणजे रैचा रहिवासी. आज हे शहर तेहरानच्या दक्षिणेला, जवळजवळ तेहरानमध्येच मिसळून गेले आहे. त्या काळी ते व्यापाराचे मोठे ठाणे होते. राझींच्या तरुणपणाबद्दल जुन्या चरित्रकारांनी बरेच काही सांगून ठेवले आहे. कुणी म्हणते ते ऊद वाजवत, कुणी म्हणते ते सराफीच्या पेढीवर बसत. सराफाची गोष्ट खरी असेल, तर सोन्याचांदीचा कस पाहणे हे त्यांचे पहिले शिक्षण झाले म्हणायचे. वैद्यक ते बरेच उशिरा, तिशी ओलांडल्यावर शिकले, असे या चरित्रांतून दिसते.

वैद्यकाकडे ते वळले कसे, याचीही एक कथा आहे. किमयेच्या प्रयोगांत धूर आणि तिखट वाफा लागून त्यांचे डोळे बिघडले. ज्या हकिमाकडे ते गेले, त्याने उपचाराचे पाचशे दिनार मागून घेतले आणि वर सांगितले की खरी किमया ती ही, तुम्ही करत होता ती नव्हे. दंतकथाच ही. पण राझींच्या आयुष्यातली दोन टोके तिने नेमकी पकडली आहेत. एकीकडे भट्टी, दुसरीकडे रुग्ण.

पुढे ते आधी रैच्या आणि मग बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. दहाव्या शतकातल्या इब्न अन-नदीम या ग्रंथसूचीकाराने त्यांच्या दरबाराचे, म्हणजे दवाखान्याचे, चित्र रेखाटले आहे. मोठ्या डोक्याचे वृद्ध उस्ताद मध्ये बसलेले, त्यांच्यासमोर शागिर्दांची रांग, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. रुग्ण आला की आधी बाहेरच्या रांगेने उत्तर शोधायचे. त्यांना जमले नाही तर आतल्या रांगेने. सर्वांचे थकले की मग राझी बोलायचे. गरिबांवर ते पैसे न घेता उपचार करत, शिवाय खर्चालाही देत. ज्यांच्या गावात हकीमच नाही अशा लोकांसाठी त्यांनी एक वेगळे पुस्तक लिहिले होते. हे लक्षात ठेवू या, कारण भट्टीपाशी बसलेला माणूस हाच होता.

किमयेवरची त्यांची पुस्तके अनेक. त्यांतले 'किताब अल-असरार', म्हणजे गुपितांचे पुस्तक, विशेष गाजले. नाव गुपितांचे, पण आत उघडून पाहावे तर सगळा कारखाना मांडून ठेवलेला. तोवरच्या किमयागारांचे लिहिणे कोड्यांचे होते. सोन्याला सूर्य म्हणायचे, चांदीला चंद्र म्हणायचे आणि कृती अशी झाकून सांगायची की बाहेरच्याला काही कळू नये. राझींनी पुस्तकाचे तीन भाग पाडले: पदार्थ कोणते, साधने कोणती आणि क्रिया कोणत्या. आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीत साहित्य आणि कृती हे रकाने असतात, त्याच वळणाची ही मांडणी.

पदार्थांचीही त्यांनी खानेसुमारी केली. आधी खनिज, वनस्पतिज आणि प्राणिज असे भाग, आणि त्यांच्यापासून तयार केलेल्या पदार्थांचा एक वेगळा गट. मग खनिजांचे सहा वर्ग. तापवले की उडून जातात ते 'रूह', म्हणजे पारा, गंधक, नवसागर आणि हरताळ-मनशीळ. वितळतात, ठोकता येतात ते 'जसद', म्हणजे धातू. त्यानंतर दगड, मग मोरचूद-हिराकस यांच्यासारखे पदार्थ, मग टाकणखाराच्या जातीचे आणि शेवटी क्षार. ही वर्गवारी मंत्रावर किंवा ग्रहावर केलेली नाही. पदार्थ आगीत कसा वागतो, हे पाहून केलेली आहे.

धातूंच्या यादीत सात नावे आहेत. सोने, चांदी, तांबे, लोखंड, कथील, शिसे आणि 'खारसिनी' नावाची चीनकडून येणारी एक धातू. या यादीत ॲल्युमिनियम नाही. स्वयंपाकघरात आज सर्रास दिसणारी ही धातू मातीत भरपूर असूनही राझींना दिसली नाही, याचे कारण दहावीच्या धड्यात आहे. बहुतेक धातू निसर्गात एकट्या राहत नाहीत. ऑक्सिजनशी, गंधकाशी बांधलेल्या असतात. सोने जवळजवळ एकटेच सापडते. लोखंडाच्या धातुकातला ऑक्सिजन कोळसा ओढून घेऊ शकतो, म्हणून कोळशाच्या भट्टीत लोखंड सुटे होते. याला क्षपण म्हणतात. ॲल्युमिनियमची ऑक्सिजनवरची पकड इतकी घट्ट, की भट्टीतला कोळसा तिथे हात टेकतो. त्यासाठी वीज लागते. ती युक्ती १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांना स्वतंत्रपणे सापडली. राझींच्या हाती आग आणि कोळसा होता. त्यांची यादी त्या आगीच्या आवाक्याइतकी आहे.

साधनांची यादी वाचताना तर आपण एखाद्या सराफकट्ट्यावर किंवा तांबट आळीत उभे आहोत असे वाटते. भट्टी, भाता, मूस, पळी, सांडशी, कात्री, हातोडा, कानस. उडणारे पदार्थ पकडण्यासाठी नळीचे झाकण असलेले पात्र, अर्क काढतात तसे. त्यात एक साधन आहे 'बूत-बर-बूत', फारसीत मुशीवर मूस. वरच्या मुशीच्या बुडाला भोके. तिच्यात माल ठेवून तापवले की वितळलेली धातू भोकांतून खालच्या मुशीत उतरते आणि मळी वर राहते. साधीच गोष्ट. पण धातूच्या निष्कर्षणाचे सगळे सार या दोन मुशींत आहे: हवे ते खाली, नको ते वर.

याच भट्टीपाशी राझींसारख्या किमयागारांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत असणार. काही पदार्थ जातात आणि परत येतात. हिंगूळ घ्या. तापवला की पारा सुटतो आणि गंधकाचा वायू निघून जातो. पारा आणि गंधक पुन्हा एकत्र तापवले की परत हिंगूळ तयार होतो. नवसागर घ्या. परीक्षानळीत तापवला की बुडाशी नाहीसा होतो आणि नळीच्या वरच्या थंड भागात पांढरी भुकटी होऊन बसतो. राझींना तो उडणारा 'रूह' वाटला. आज आपल्याला माहीत आहे की उष्णतेने तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो आणि गार होताच ते वायू पुन्हा जुळून नवसागर होतो. एकाच रस्त्याने जाणे आणि येणे, दोन्ही. शाळेत याला उलटसुलट होणारी, म्हणजे व्युत्क्रमी अभिक्रिया म्हणतात.

येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ होतो, तो सोडवून पुढे जाऊ. लोखंड गंजते आणि गंजापासून भट्टीत पुन्हा लोखंड मिळवता येते. मग हीही व्युत्क्रमी अभिक्रिया का नाही? कारण परतीचा रस्ता वेगळा आहे. गंज नुसता तापवून लोखंड परत मिळत नाही, वाटेत कोळशाला ऑक्सिजन द्यावा लागतो. पाऱ्याचे तसे नाही. हवेत सुमारे ३५० अंशांवर बराच वेळ तापवला तर तो लाल ऑक्साइड होतो. तोच लाल ऑक्साइड सुमारे ५०० अंशांवर नेला की ऑक्सिजन सोडून पुन्हा चकचकीत पारा. फक्त उष्णता कमीजास्त करायची. अठराव्या शतकात प्रीस्टली आणि लॅव्हॉझिए यांनी ऑक्सिजन ओळखला, तो या लाल ऑक्साइडच्याच मदतीने.

नवसागराचे हे जाणे-येणे आपण सर्वांनी पाहिलेले आहे, फक्त त्याला रसायनशास्त्र म्हटलेले नाही. दिवाळीच्या तोंडावर पितळी पातेली निघत आणि रमझानच्या आधी मोहल्ल्यातल्या तांब्याच्या डेगा निघत, तेव्हा कल्हईवाला रस्त्याच्या कडेला भाता मांडून बसायचा. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा. त्या धुरातला हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो, तांबे उघडे पडते आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील त्याला घट्ट धरते. उरलेला वायू हवेत पुन्हा नवसागर होतो, तोच तो पांढरा धूर. 'कल्हई' हा शब्द अरबी 'कलई'वरून आला आणि 'कलई' म्हणजे कथील. अरब भूगोलकारांनी हे नाव कलह या पूर्वेकडच्या बंदराशी जोडले आहे, जिथून कथील येई. 'नवसागर'ही नवशादर या शब्दाचा सगा. मराठी घरातल्या पातेल्यापर्यंत ही शब्दांची वाट अशी येऊन पोहोचली.

आता सोन्याचा प्रश्न. राझी हलक्या धातूचे सोने होते, असे मानत. त्यांच्या आधीच्या पिढीतले थोर विद्वान अल-किंदी यांनी हे अशक्य म्हटले होते, आणि राझींनी त्यांना उत्तर म्हणून पुस्तक लिहिले. हा हट्ट निव्वळ लोभाचा नव्हता. सगळे पदार्थ अविभाज्य कणांचे आणि मधल्या पोकळीचे बनलेले असतात, कण आणि पोकळी यांचे प्रमाण बदलले की पदार्थ बदलतो, असे त्यांचे मत होते. मग तांब्याचे प्रमाण बदलून सोने का होऊ नये? प्रश्न तर्काला धरून होता. उत्तर मात्र आगीत नव्हते. भट्टीत कण जुळतात, तुटतात, जागा बदलतात. कणाच्या गाभ्याला आगीचा स्पर्शही होत नाही. हा गाभा आणि त्याचे गणित विसाव्या शतकात उलगडले.

राझी ज्या भिंतीवर हरले, त्याच भिंतीवर आज जगाचा मोठा व्यवहार उभा आहे. तांब्याचे सोने होत नाही, त्याच कारणाने तांब्याचे तांबेपण कधी मरत नाही. काळी पडलेली तार, फुटलेली घागर, हिरवा गंज चढलेला नळ, या सगळ्यांत तांबे जसेच्या तसे बसलेले आहे. मोडीत दिलेले भांडे पुन्हा मुशीत जाते आणि पुन्हा भांडे होते. खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्क्यांत जुने ॲल्युमिनियम वितळवून नवे करता येते. कारण ऑक्सिजनची ती घट्ट पकड एकदा सोडवून झालेली असते. त्याचे मोल पुन्हा द्यावे लागत नाही. किमयागाराला जे नको होते, तेच भंगारवाल्याचे भांडवल आहे.

आणि यातच एक सावधगिरीही आहे. दागिने उजळून देतो म्हणत दुपारच्या वेळी दारात येणारे लोक ठाऊक आहेतच. बांगडी एका द्रवात बुडवतात, ती खरोखर चमकते आणि वजनाने हलकी होऊन परत येते. सोने नाहीसे झालेले नसते. नत्राम्ल आणि मीठाम्ल यांच्या मिश्रणात ते विरघळून त्या माणसाच्या भांड्यात उतरलेले असते, आणि घरी जाऊन तो ते परत मिळवतो. रमझानमध्ये जकातीच्या हिशेबासाठी दागिने बाहेर निघतात, सणासुदीला सगळ्याच घरांत निघतात. ज्याला धातूचा स्वभाव कळला, त्याला हा डाव कळायला वेळ लागत नाही.

राझींच्या नावावर आजकाल बरेच काही खपवले जाते. अल्कोहोल त्यांनी शोधले, गंधकाम्ल त्यांनी शोधले, असे संदेश फिरत असतात. त्यांच्या किमयेच्या पुस्तकांतून हे ठामपणे सिद्ध होत नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. त्यांचा खरा गुण दुसऱ्याच एका नोंदीत दिसतो. पारा विषारी की नाही, याबद्दल लोक ऐकीव बोलत. राझींनी आपल्याजवळच्या एका माकडाला पारा पाजून पाहिला. माकडाने पोट धरले, पण मेले नाही. शुद्ध पारा पोटातून निघून जातो, मात्र उडवून तयार केलेला पाऱ्याचा क्षार जीवघेणा आणि त्याच्या वाफाही वाईट, असा भेद त्यांनी नोंदवून ठेवला. मुक्या जनावराच्या वाट्याला आलेला तो प्रयोग आज खटकेल. पण एकच धातू कोणत्या रूपात किती घातक, हा प्रश्न नेमका होता.

तो प्रश्न आज आपल्या वस्त्यांत जिवंत आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्या चुलीवर शिसे गाळणे, तारांचे वेष्टन जाळून तांबे काढणे, मोबाइलच्या सुट्या भागांवर आम्ल ओतून सोन्याचा कण शोधणे, ही कामे करणारे हात गरिबांचे असतात आणि त्या धुरात त्यांची मुले खेळत असतात. धातू मरत नाही हे खरे, पण शिशाची धूळ शरीरात गेली तर तीही सहजी जात नाही. जुनी इन्व्हर्टरची बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. ती रस्त्यावर न विकता त्या व्यवस्थेत देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. ज्या हकिमाने डॉक्टर नसलेल्यांसाठी पुस्तक लिहिले, त्याच्या चरित्राचा हाही एक धडा.

राझींचे उतारवय अंधारात गेले. आपल्याच एका लहान पुस्तकात त्यांनी सांगितले आहे की सततच्या लिहिण्या-वाचण्याने दृष्टी अधू झाली, हाताचे स्नायूही निकामी झाले, आता दुसऱ्यांकडून वाचून आणि लिहून घेतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करायला आलेल्या माणसाला त्यांनी डोळ्याला पडदे किती ते विचारले, त्याला सांगता येईना, तेव्हा त्यांनी त्याला परत पाठवले, अशी कथा आहे. ९२५ च्या सुमारास रैमध्येच त्यांचे निधन झाले. आयुष्यभराच्या वैद्यकीय नोंदींचा डोंगर मागे राहिला. त्यातून 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ तयार झाला आणि १२७९ साली सिसिलीत फरज बिन सालिम या यहुदी विद्वानाने तो लॅटिनमध्ये नेला.

धर्माबद्दलची त्यांची काही मते त्यांच्या काळातही अनेकांना पटली नाहीत. त्यांच्याच रै शहरातले अबू हातिम अर-राझी यांनी त्यांच्याशी वाद घातला आणि तो ग्रंथात लिहून ठेवला. शंभर वर्षांनी अल-बैरुनी आले. तेच बैरुनी, ज्यांनी हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिला. राझींची धर्मविषयक मते त्यांनाही मान्य नव्हती, आणि तांब्याचे सोने होते हेही ते मानत नव्हते. त्यांनी धातू पाण्यात बुडवून मोजल्या आणि प्रत्येक धातूचे वजन तिचे स्वतःचे असते, ते बदलत नाही, हे आकड्यांत मांडले. पण याच बैरुनींनी बसून राझींच्या पुस्तकांची यादी केली. वैद्यकाची, तर्काची, किमयेची, पटलेली आणि न पटलेली, सगळी. एकूण १८४. त्यांतले बरेचसे ग्रंथ पुढे हरवले. त्यांची नावे तरी आपल्याला आज ठाऊक आहेत, ती राझींशी सहमत नसलेल्या माणसाने ती मोजून ठेवली म्हणून.